नर्सबाईंचा उसाशी संबंध काय?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खत आणि पाणी यांवर लिहावे. परिचारिकेवर लिहिण्याचे त्याला काय कारण, असे या पानावर नजर टाकताच पुष्कळांना वाटेल. एका गट-सभेत आम्ही हा विषय नुसता काढला, तेव्हा मागून एका सभासदाने विचारलेच, "साहेब, नर्सबाईंचा उसाशी संबंध काय? त्यांनी सुया टोचाव्यात, आमी ऊस लावावा." सभेत हशा पिकला. प्रश्न मात्र सरळ होता. त्याला सरळ उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे असे आहे की, कार्यक्षेत्रातील प्रत्येक गटाच्या शेतकी बैठकीत तेथील उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेला खुर्ची असावी. आणि कारखान्याच्या दवाखान्यातील सिस्टरना फडावर व तोडणी टोळ्यांच्या तळावर जाण्यासाठी हंगामात आठवड्यातून एक दिवस आणि एक जीप मिळावी. आपल्या शेतीचा परिणाम गावच्या हवेवर, पाण्यावर आणि माणसाच्या अंगावर काय होतो, तो सर्वांत आधी परिचारिकेच्या नजरेस पडतो. शेतकी खात्याला टनेज कळते, रिकव्हरी कळते, कोणत्या सर्व्हे नंबरात हुमणी आहे तेही कळते. कोणाच्या घरी कोण आजारी पडले आणि ते फवारणीनंतर किती दिवसांनी, हे आमच्या कोणत्याही रजिस्टरात येत नाही. तिच्या रजिस्टरात येते. ही दोन रजिस्टरे एका टेबलावर आली पाहिजेत, एवढीच आमची मागणी आहे.

हे काम परिचारिकेला नवीन नाही. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या इस्पितळात गेल्या, तेव्हा जखमांनी मरणाऱ्या शिपायांपेक्षा पटकी, हगवण आणि टायफसने मरणारे शिपाई अधिक होते. पुढे १८५९ साली शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी घराच्या आरोग्यासाठी पाच गोष्टी सांगितल्या : शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड. त्यांत सुई नाही, गोळीही नाही. ही बाई हिंदुस्थानात कधी आली नाही, परंतु येथील खेड्यांच्या स्वच्छतेचा अभ्यास तिने वर्षानुवर्षे केला आणि आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्याविषयी पत्रव्यवहारही ठेवला. इंग्लंडातच नॉर्विच गावी कोलमन यांचा मोहरीचा मोठा कारखाना होता. तेथे १८७० च्या दशकात फिलिपा फ्लॉवरडे नावाच्या परिचारिकेला नोकरीवर घेतले होते. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांना मदत करायची आणि नंतर आजारी कामगारांच्या घरोघर जायचे, असे तिचे काम. कारखाना मोहरीचा असो की साखरेचा, कामगार आजारी कशाने पडला हे त्याच्या घरी गेल्यावाचून कळत नाही. आपल्याकडे सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये काय केले ते सभासदांना ठाऊकच आहे. चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्याकडे नर्सिंगचे सर्टिफिकेट नव्हते. पण रोगी दाराशी येईपर्यंत थांबायचे नसते, एवढे त्या जाणत होत्या.

आता आपल्या शिवारात येऊ.

आपण शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. दुकानदारही औषधच म्हणतो. आमच्या मते अर्धा घोटाळा या शब्दाने केला आहे. सिस्टर ज्याला औषध म्हणतात ते कपाटात कुलूपबंद असते, मोजून दिले जाते आणि रिकामी बाटली कोठे टाकायची ते ठरलेले असते. आपले औषध पलंगाखाली, नाही तर गोठ्यातल्या फळीवर, पेंडीच्या शेजारी. मोजायला बाटलीचे बूच. ढवळायला काठी, आणि काठी नसली तर हात.

या विषाला कायदा का लागला, ते माहीत असावे. १९५८ साली केरळात, जहाजातून येताना पॅराथिऑन मिसळलेले धान्य खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशके कायदा आला. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो तो त्याच कायद्याचा : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. आम्ही गट-सभांत विचारून पाहतो, तर दहांत दोघे-तिघे हा क्रम बरोबर सांगतात. पुष्कळांना हिरवा म्हणजे बिनविषारी वाटतो. तसे नाही, त्याचे विष कमी एवढेच. उलट दवाखान्यात जाऊन पाहा. तेथे पिवळी पिशवी, लाल पिशवी, पांढरा डबा, निळा डबा ठेवलेला असतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली आले आणि २०१६ साली सुधारले. तेव्हापासून दवाखान्यातील प्रत्येक सुई, प्रत्येक बोळा, प्रत्येक सलाईनची नळी कोणत्या रंगात जायची हे परिचारिका पाहते. आधी स्वतःच्या कामाच्या जागेची घाण तिने आवरली आहे. म्हणून आमच्या गोदामाकडे बोट दाखवण्याचा तिला अधिकार पोहोचतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते वर्तमानपत्रांत सर्वांनी वाचले आहे. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, फवारा वर मारावा लागे आणि तो अंगावर येई. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो इस्पितळात पडले. "तो कापूस होता, आपला ऊस आहे," असे कोणी म्हणेल. अहो, ऊस तर पुरुषभर उंचीचा! मोठ्या उसात शिरून पाठीवरच्या पंपाने लोकरी मावा मारायला गेलेला माणूस धुक्यातच उभा असतो. वारा नाही, बाहेर पडायला वाट नाही. हुमणीसाठी आपल्या वाडवडिलांनी बीएचसी पावडर मुठीने पेरली. ती १९९७ साली बंद झाली. पुढे थिमेट आले, म्हणजे फोरेट. त्यावर सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली. तरीही जुनी पिशवी कोणाच्या माळ्यावर नसेल, याची खात्री आम्ही देणार नाही. असली तर आमच्या गट ऑफिसात कळवावे, कोणी रागावणार नाही. ती पिशवी ओढ्यात मात्र रिकामी करू नये.

परिचारिका यात काय करू शकते, याचे एक उदाहरण देतो. आमच्या कार्यक्षेत्रातील एका उपकेंद्रात एकाच आळीतल्या तीन बायका दोन दिवसांत आल्या. डोके दुखते, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकीनेही फवारणी केलेली नव्हती. दुसरे कोणी असते तर पित्ताची गोळी देऊन वाटेला लावले असते. त्या सिस्टरनी विचारले, "काल कुणाच्या रानात होतात?" तिघी एकाच प्लॉटात खुरपत होत्या, आणि त्या प्लॉटावर आदल्या संध्याकाळी फवारा मारलेला होता. मालकाने सांगितले नाही. बायकांनी विचारले नाही. सिस्टरनी आमच्या ओव्हरसिअरला बोलावून घेतले. त्या गावात आता फवारलेल्या प्लॉटच्या बांधावर काठीला लाल फडके बांधण्याची पद्धत पडली आहे. एका फडक्याचा खर्च तो किती? पण "काल कुणाच्या रानात होतात" हा प्रश्न विचारणारे माणूस लागते. तो प्रश्न डॉक्टरांच्या गर्दीत राहून जातो, आणि आम्हां शेतकी खात्याच्या लोकांपुढे बायका आपले दुखणे सांगत नाहीत.

धन्याचे फवारणीचे कपडे तान्ह्याच्या लंगोटांबरोबर एकाच बादलीत भिजतात, हेही घरात जाणाऱ्या बाईलाच दिसते.

येथे एक अडचण स्पष्ट बोलली पाहिजे. विषबाधा झाली की माणूस दवाखान्यात 'ताप आला' म्हणून सांगतो. पोलीस केस होईल, लोक म्हणतील औषध प्याला, ही भीती. त्यामुळे पहिला तास वाया जातो. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या विषावर ॲट्रोपिनचे इंजेक्शन आहे, ते वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणे, तोंडाला लाळ, दरदरून घाम, छातीत घरघर ही त्याची खूण. अंगावरचे कपडे काढून साबणाच्या पाण्याने अंग धुवावे आणि डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर घेऊन थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे. मिठाचे पाणी पाजून ओकाऱ्या काढण्याच्या भानगडीत पडू नये. तणनाशकांपैकी पॅराक्वाटवर तर उताराच नाही. ते पोटात गेले तर मोठ्या शहरातले डॉक्टरही हात टेकतात. हे सर्व आम्हीही भाषणात सांगतो. पण आम्ही सांगितले की ते 'शेतकीचे भाषण' होते, आणि सिस्टरनी चुलीपाशी बसून सांगितले की घरातली बाई दुसऱ्या दिवशी डबा पलंगाखालून काढते. हा फरक आम्ही पाहिला आहे.

पाण्याचे पाहू. आरोग्य खात्याकडून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, गावच्या पाणीसाठ्यांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लाल कार्ड आले की सरपंच धावपळ करतो, टीसीएल पावडर आणतो. ठीकच आहे, त्याने जंतू मरतात. पण नत्राचे काय? उसाला दिलेला युरिया पिकाने घेतला नाही तर नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि विहिरीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. टीसीएलने तो जात नाही. पाणी उकळले तर पाणी आटते आणि नायट्रेट तेवढाच राहतो, म्हणजे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतो, अशी भारतीय मानक आहे. त्याहून पुष्कळ अधिक झाला आणि त्या पाण्यात वरचे दूध कालवून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाजले, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. ओठ, नखे निळसर पडतात. अशा बाळाच्या घरी कोण जाते? आरोग्य सेविका. आणि त्या विहिरीच्या वरच्या अंगाला किती पोती युरिया पडला, हे कोणाला माहीत? आम्हांला.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे एकरी १०० किलो, युरियाच्या हिशेबात पंचेचाळीस किलोची पोती पाचसुद्धा भरत नाहीत. तेही चार हप्त्यांत : लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीला चाळीस. शेजाऱ्याने आठ टाकली म्हणून आपण नऊ टाकायची, ही जी चढाओढ आहे तिचा पैसा खिशातून जातो आणि नत्र विहिरीत जाते. त्यावर पाटाने भरपूर पाणी सोडले की काम पुरे झाले! जमीन चोपण झाली की आपण हळहळतो. विहिरीसाठी मात्र कोणी हळहळत नाही, कारण ते दिसत नाही. सिस्टरनी "या आळीतल्या विहिरीचे पाणी तपासा" एवढे बैठकीत सांगितले, तर नमुना प्रयोगशाळेत पोहोचवणे आणि त्या भागातल्या सभासदांच्या खताच्या मात्रा बसवून देणे हे आमचे काम. ते आम्ही करू.

पाचट जाळण्यावर या अंकातून पूर्वी पुष्कळ छापून आले आहे, म्हणून थोडक्यात. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू संवर्धक टाकून ते सरीत कुजवावे, हे आता पाठ झाले असेल. धुराची बाजू मात्र सिस्टरना विचारावी. हंगामात खोकल्याची पोरे आणि दम्याचे म्हातारे कोणत्या वाडीतून जास्त येतात, ते त्या तारखेनिशी सांगतील. गंमत अशी की ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये १९३० च्या दशकात तोडणी कामगारांनीच ऊस जाळून तोडा म्हणून संप केले होते. कारण उसात उंदीर फार आणि उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येऊन माणसे मरत. जाळण्यामागे तेथे आरोग्याचे कारण होते. आपण तोडणी झाल्यावर काडी लावतो, त्याला कंटाळ्यावाचून दुसरे कोणते कारण आहे?

आता टोळ्यांविषयी. हा भाग काही सभासदांना रुचणार नाही, तरी लिहितो. तोडणी कामगार आपले सभासद नाहीत, मतदार नाहीत. परंतु वर्षातले पाच महिने ते आपल्या शिवारात राहतात. त्यांचे नाव येथील आरोग्य सेविकेच्या यादीत सहसा नसते, आणि ज्या गावाच्या यादीत असते तेथे ते हजर नसतात. गरोदर बाई कोयता घेऊन फडात असते, मूल पाचटावर झोपलेले असते, त्याची लस चुकते. पाणी कोठले, तर जवळच्या चारीचे. आडोसा कसला, तर उसाचाच. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचे २०१९ साली पुढे आले. पाळीत कामाचा खाडा नको, स्वच्छ पाणी नाही, जागा नाही, अंगावरून जाते म्हणून भीती, आणि त्या भीतीवर कोणी शस्त्रक्रियेचा उपाय विकला. यात दोष कोणाकोणाचा याची वाटणी करीत बसण्याची ही जागा नव्हे. पण फडाजवळ पाण्याची टाकी आणि तळावर चार संडास ही जर रोगाची मुळे तोडणारी गोष्ट असेल, तर तो खर्च औषधोपचाराचाच समजावा.

उन्हाचेही तसेच. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणारे तरणेबांड गडी मूत्रपिंड निकामी होऊन मेले. उन्हातले कष्ट आणि पाण्याची तूट हे त्याचे मोठे कारण मानले जाते. तेथे आता पाणी, विश्रांती आणि सावली हे तोडणीचे नियम म्हणून बसवण्याचा प्रयत्न चालू आहे. आपला हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत लांबला की येथेही तेच ऊन असते. चिटबॉयकडे प्रत्येक टोळीची यादी आणि ठिकाण रोजच्या रोज असते. त्या यादीची एक प्रत आरोग्य सेविकेला द्यावी. यासाठी ठराव लागत नाही, कार्बन कागद पुरेल.

सिस्टरना बोलवायचे तर त्या कारखान्याविषयीही बोलणार, हे ध्यानात ठेवावे. बगॅसच्या यार्डात बुरशी आलेल्या भुशाची धूळ छातीत जाऊन आजार होतो, त्याला नावच बगॅसोसिस आहे. तेथील हमालांच्या छातीची तपासणी, ओढ्याच्या पाण्याचा वास, गव्हाणीवरचा आवाज हे विषय निघतील. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात रुग्णोपचार खोली आणि परिचारिका असावी अशी तरतूद होती, ती केवळ बोटाला पट्टी बांधण्यापुरती नसावी. शेतकऱ्याला पाचट जाळू नको म्हणायचे आणि स्वतःच्या धुराड्याविषयी कोणी बोलले की कपाळाला आठ्या घालायच्या, हे चालायचे नाही. व्यवस्थापनापुढे आम्ही हे लेखी मांडले आहे.

काही सभासद म्हणतील, आरोग्य सेविकेला आधीच कामाचा डोंगर. लसीकरण, बाळंतपणे, डझनभर नोंदवह्या. खरे आहे. म्हणूनच तिला आणखी एक नोंदवही देऊ नये. महिन्यातून एकदा तासभर बैठक, आणि तिने तोंडी सांगितलेले आमच्या ओव्हरसिअरने लिहून घ्यावे. लिहायचे काम आमचे. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न तिने विचारायचा : मागच्या वेळी सांगितले, त्याचे काय झाले? तिने सांगावे, आपण मान डोलवावी आणि चहा पिऊन उठावे, असे होणार असेल तर तिला न बोलावलेलेच बरे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या परवानगीसाठी पत्राचा मसुदा तयार आहे.

आणखी एक. गट-सभेला बायका येत नाहीत, कारण त्यांना कोणी बोलवत नाही. सातबारा आणि शेअर नावावर नसला तरी खुरपणी, भांगलण आणि फवारणीचे पाणी वाहणे त्यांच्याच डोक्यावर आहे. सिस्टर बसणार असतील त्या सभेला त्यांना घेऊन यावे.

पहिल्या बैठका लागणीचा हंगाम सुरू होण्याआधी गटवार होतील. तारखा गट ऑफिसच्या फळ्यावर लागतील. येताना प्रत्येकाने आपल्या पिण्याच्या विहिरीचे किंवा बोअरचे एक लिटर पाणी त्याच दिवशी सकाळी भरून आणावे. बोअर असेल तर पाच मिनिटे चालू ठेवून मग भरावे. बाटलीवर नाव, गाव, गट नंबर लिहावा. बाटली तीन वेळा त्याच पाण्याने विसळून घ्यावी, आणि ती फवारणीच्या औषधाची नसावी.